कोब्यावरची पिल्लं

रखमाच्या हातांना फिनेलचा वास लागला तो शहाऐंशी सालच्या श्रावणात. त्याआधी सात वर्षं डुकरांचा वास होता आणि त्याच्याही आधी खडीच्या भुकटीचा. दगडाला कसला आलाय वास, असं ज्याला वाटत असेल त्याने ती भुकटी पंधरा वर्षं नाकातोंडात घेतलेल्या माणसाला विचारावं.

तिची माणसं सोलापूरकडची. दगड फोडणं हेच पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. लग्न होऊन रखमा दिघ्याला आली तेव्हा पंधराची असेल नसेल. नवरा, सिताराम, डोंगराला सुरुंगाची भोकं पाडायचा आणि ती खाली बसून खडी फोडायची. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखान्यामागून कारखाना उभा राहत होता, त्यांच्या पायात घालायला खडी जात होती. डोंगर एका अंगाने उतरत होता आणि दुसऱ्या अंगाने त्याच्यावर झोपड्या चढत होत्या. त्यातलीच एक यांची. एक मुलगी झाली, ती वाढली, गावाकडेच दिली. एवढं होईतो सितारामला खोकला लागला.

ठाण्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो काढला. फोटो उजेडाला धरून त्यांनी दोनदा पाहिला, मग नळीने सितारामची छाती तपासली. मग नळी कानात तशीच ठेवून त्यांनी रखमालाही समोर बसवलं, पाठीला नळी लावली, म्हणाले, "बाई, श्वास घ्या." तिने घेतला. आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजली. ती तिलाही ऐकू आली.

"तुम्ही खडीवर जाऊ नका यापुढे. गेलात तर चार-पाच वर्षांत यांच्या शेजारी तुमचीही खाट टाकावी लागेल."

सिताराम त्याही स्थितीत म्हणाला, "जागा न्हाय सायेब खोपटात, दुसऱ्या खाटंला."

तेव्हा रखमा डुकरांकडे वळली. वस्तीत घरटी एक-दोन डुकरं असायचीच, तिने पाच केली. एका कारखान्याच्या कॅन्टीनमधलं खरकटं मिळायला लागलं. दुपारी बारानंतर मागच्या फाटकाशी डबे घेऊन उभं राहायचं, भाताचं, डाळीचं, पावाचं जे येईल ते भरायचं आणि डोक्यावर घेऊन यायचं. ऐरोलीला नव्या बिल्डिंगी झाल्या तशी तिने तिथलीही सात-आठ घरं धरली. पहाटे उठणं, डबे, डुकरं, परत डबे, परत डुकरं, सितारामचा काढा. आजचा दिवस कालच्यासारखा आणि कालचा परवासारखा. थकवा असा एका जागी नव्हता. तो कपड्यासारखा अंगावर होता, झोपतानाही.

या सगळ्यात एक शब्द तिच्या मागे मागे फिरायचा. घाण. बिल्डिंगीत जिना चढताना कुणीतरी दार लावून घ्यायचं. फाटकावरचा राखणदार म्हणायचा, "ए, ती घाण तिकडून ने." नळावर पाणी भरायला गेली तर बायका हंडा जरा सरकवायच्या. कुणी भांडत नसे. भांडण झालं असतं तर निदान ती चार शब्द बोलली असती. डब्यांना ती राख लावायची, दोन-दोनदा घासायची, वर स्वच्छ फडकं बांधायची. फडक्याकडे कुणी पाहत नसे.

ऐरोलीच्या घरांत तिसऱ्या मजल्यावरच्या जयमालाबाई तेवढ्या दार लावून घेत नसत. गिरगावातून नव्याने आलेल्या, देवाधर्माच्या, उपासतापासाच्या. त्यांच्या घरचं खरकटं कधी कांदा-लसणाचं नसायचं. भांड्याला भांडं लागू द्यायच्या नाहीत, वरून ओतायच्या. पण ओतताना दोन शब्द बोलायच्या.

"आज एकादशी गं रखमा. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चालेल ना तुझ्या मंडळींना?"

"त्यांचा बी उपास घडंल बाई तुमच्यामुळं."

"घडू दे. देवाने एक अवतार त्यांच्याच रूपात घेतलाय."

रखमा हे वाक्य घरी जाऊन सितारामला सांगायची. सिताराम म्हणायचा, "दगड फोडनाऱ्याच्या रूपात न्हाई घेतला का कंदी? इचार बाईला."

तर त्या श्रावणात सरकारी योजनेतून रखमाला विलायती डुकरीण मिळाली. पांढरीफेक, लांबलचक, कान उभे आणि गाभण. वस्तीतल्या काळ्या, केसाळ डुकरांत ती उभी राहिली की चाळीच्या गर्दीत कुणी मडम येऊन उभी राहावी तशी दिसायची. नाव मडमच पडलं. सोबत चार पत्रे, सिमेंटच्या गोण्या आणि एक पुस्तिका आली. त्यातून झोपडीमागे छोटी शेड उभी राहिली, आत जमिनीला सिमेंटचा गुळगुळीत कोबा. रखमाच्या स्वतःच्या खोपट्यात शेणाची जमीन होती.

अट एकच होती. मडम व्यायल्यावर आठ आठवड्यांनी साहेब मोजायला येणार. सहा पिल्लं जगलेली दिसली तर डुकरीण रखमाची, कायमची. सहाला एक जरी कमी पडलं तर ती उचलून यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार. पुढचा माणूस घणसोलीचा, तो दर आठवड्याला येऊन मडमला पाहून जात होता.

रखमाने मनाशी हिशेब सरळ ठेवला होता. देशी डुकरांच्या जिवावर आता भागत नव्हतं. वस्तीत जागा राहिली नव्हती, मोकळी डुकरं दिसली की बिल्डिंगवाले अर्ज करत होते. शेडमधली, बंदिस्त, सरकारी शिक्क्याची डुकरीण असेल तर कुणी हात लावणार नव्हतं. ती गेली तर उरली खदान. आणि खदान म्हणजे छातीतली ती शिट्टी.

पुस्तिका तिला वाचता येत नव्हती. ती तिने जयमालाबाईंकडून जिन्यात उभं राहून वाचून घेतली. बाकीचं डोक्यावरून गेलं, पण एक वाक्य पक्कं बसलं: शेड नेहमी स्वच्छ ठेवावी.

"स्वच्छ म्हंजी कसं वो बाई?"

"स्वच्छ म्हणजे स्वच्छ. आता माझा ओटा कसा असतो?"

जयमालाबाईंचा ओटा रखमाने दारातून पाहिला होता. त्यात तोंड दिसायचं.

त्या दिवसापासून रखमा शेड दिवसातून दोन वेळा धुवायला लागली. सकाळी फिनेल, संध्याकाळी फिनेल. खराट्याने घासून घासून कोब्याचा रंग बदलला. आजूबाजूच्या बायका बघायला यायच्या. एक जण म्हणाली, "रखमे, तुझ्या डुकरिणीच्या घरात आमी ऱ्हायला येतो, तिला आमच्यात पाठव." रखमा हसली. बरं वाटलं तिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या घरातल्या स्वच्छपणावर बोललं होतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मडम व्याली. अकरा पिल्लं. गुलाबी, मेणासारखी, एकाशेजारी एक आचळाला लागली तेव्हा सितारामसुद्धा खाटेवरून उठून भिंत धरत धरत आला. "ही तर पोरं हायत गं," म्हणाला, आणि खोकत परत गेला. जनावरांच्या दवाखान्यातले मोडक डॉक्टर सायकलवरून येऊन गेले. मडमला जरा ताप होता म्हणून त्यांनी पिवळी पूड दिली. पाण्यातून पाच दिवस.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या माणसांत एक रीत आहे. डुकरीण व्याली की तिसऱ्या दिवशी घरच्या बाईने, डुकरीण जिथे लोळते-उकरते तिथली घमेलंभर माती आणायची, त्यावर हळदीची चिमूट टाकायची आणि पिल्लांपुढे ओतायची. याला पिल्लांना माती दाखवणं म्हणतात. का, ते कुणी सांगत नाही. रखमाची आई करायची, आजी करायची. रखमाने तिच्या काळ्या डुकरिणीच्या प्रत्येक विणीला केलं होतं, चूल सारवावी इतक्या सहज. त्याच पंधरवड्यात काळीही मागे नाल्याकडच्या उंबराखाली व्याली होती, आणि तिसऱ्या दिवशी काळीच्या पिल्लांपुढे माती पडली होती.

मडमच्या तिसऱ्या दिवशी रखमा घमेलं घेऊन शेडच्या दारात आली. आत कोबा चकाकत होता. घमेल्यात काळी, ओली, उग्र वासाची माती होती. ती थोडा वेळ उभी राहिली. मग मागे वळून तिने माती नाल्यात टाकली, घमेलं धुतलं आणि फिनेलची बाटली उघडली. देशी डुकरांच्या रीती देशी डुकरांना. मडमला कशाला?

पुडीचंही तसंच झालं. पाच दिवसांत मडमचा ताप गेला, ती खायला लागली. रखमाने विचार केला, एवढी गुणाची पूड, मग पाचच दिवस का? ठाण्याला जाऊन तिने दुकानातून आणखी आणली. रोज पाण्यात मडमला, आणि तेच पाणी बोटाने पिल्लांच्या तोंडाला. दिवस तेरावा का चौदावा असेल, पूड संपली. दुकानदाराकडेही नव्हती. दोन दिवस तसेच गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोब्यावर पांढरट पाण्यासारखे डाग दिसले.

हगवण.

तिने ते धुतलं. दुपारी परत डाग. परत धुतलं. संध्याकाळी एक पिल्लू कोपऱ्यात एकटं बसलेलं, कातडी सैल, शेपटी लोंबलेली. दुसऱ्या दिवशी ते गेलं. पूड मिळाली तशी तिने दुप्पट दिली. आणखी दोन गेली. फिनेल तिप्पट केलं. आणखी एक गेलं. प्रत्येकाला ती फडक्यात बांधून नाल्यापलीकडे पुरून यायची, हात धुवायची आणि डबे घेऊन कॅन्टीनच्या फाटकावर उभी राहायची. रडायला वेळ काढावा लागतो, तो तिच्याकडे नव्हता. अकराची सात राहिली होती आणि त्यातलं एक, सगळ्यात बारकं, उभंसुद्धा राहत नव्हतं.

त्या दिवशी फाटकावरून परतताना ती नाल्याकडून आली. उंबराखाली काळी चिखलात पडली होती आणि तिची नऊच्या नऊ पिल्लं तिच्या अंगावरून उड्या मारत होती. नाकापर्यंत घाण, कानात चिखल. एकाने रखमाच्या पायाला ढुशी दिली. रखमा डबा डोक्यावर तसाच धरून बघत राहिली. मान दुखायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की डबा उतरवायचा राहिलाय.

दुसऱ्या दिवशी ती चालत जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि मोडक डॉक्टरांना घेऊनच आली.

डॉक्टर शेडमध्ये शिरले आणि आधी शिंकले. डोळे पुसत म्हणाले, "बाई, हे धुता किती वेळा?"

"आदी दोनदा. आता तीनदा."

"आणि पूड?"

"रोज."

"मी किती दिवस सांगितली होती?"

"पाच."

"मग?"

"पाच दिसात बरं वाटलं, म्हनलं रोज दिली तर रोज बरं वाटंल."

डॉक्टर चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. तेही थकलेले दिसत होते. उंबरठ्यावर बसले आणि बारक्या पिल्लाला मांडीवर घेऊन त्याच्या पापण्या उलटून पाहायला लागले.

"पांढरं पडलंय. दुधात लोह नसतं, ते यांना मातीतून मिळतं. माती कुठाय इथे?"

"सोच्च ठेवा म्हनून लिवलंय."

"लिहिलंय, बरोबर लिहिलंय. ओल नको, घाण साचू नको, एवढंच म्हणायचंय त्यांना. पण तुम्ही पार दवाखान्यातली ऑपरेशनची खोली केलीत. ऐका आता. पोटात जंतू असतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. जंतू म्हटलं की आपल्याला मारायचंच सुचतं, पण पोटातले बरेचसे आपल्या कामाचे. ते नसतील तर खाल्लेलं पचत नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं आतडं कोरं असतं. आईच्या आचळाला तोंड लागतं, तिच्या घाणीत तोंड जातं, मातीत नाक खुपसतं, त्यातून चांगले जंतू आत जातात आणि जागा धरून बसतात. त्यांनी जागा धरली की वाईटाला बसायला ठिकाण राहत नाही. तुम्ही बाहेरचे फिनेलने मारले आणि आतले पुडीने. आतडं राहिलं मोकळं. मोकळ्या जागेत भलते शिरले, आणि त्यांना तर ही पूड आता लागूही होत नाही."

रखमा कोब्याकडे बघत होती. म्हणाली, "आमच्या दिघ्यासारखंच मग हे."

"म्हणजे?"

"झोपड्या पाडून जागा मोकळी केली की चांगली मानसं जात्यात, आन दुसऱ्या दिशी कोन तरी भलताच गुंड खुंट्या ठोकून बसतो. त्यो मग हालत न्हाय."

"अगदी तसंच."

"आन मीच पाडल्या झोपड्या. सवताच्या हातानं."

डॉक्टरांनी पिशवी उघडली. बारक्याला त्यांनी लोहाची सुई टोचली, बाकीच्यांनाही टोचली. उठताना म्हणाले, "पूड बंद. फिनेल बंद. घाण रोज उचला, साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं ठेवा. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा. आणि ती दुसरी डुकरीण निरोगी आहे ना? तिच्या जागेवरची माती आणा घमेलंभर, कोपऱ्यात टाका. जंत होतील कदाचित. जंतांचं औषध मी देईन, ते मारता येतात."

"मी आनत होते माती. तिसऱ्या दिशी. दारातून परत फिरले."

"का?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"आंबट ताक मिळालं तर तेही पाजा चमचा चमचा," डॉक्टर सायकलवर टांग टाकताना म्हणाले. "सगळी जगतील असं मी म्हणत नाही."

ताकासाठी ती जयमालाबाईंकडे गेली. डबा पुढे न करता दारात नुसतीच उभी राहिली. जयमालाबाईंनी विचारलं तेव्हा तिला जमेल तसं सांगितलं: आतड्यातली जागा, झोपड्या, गुंड, सगळं. जयमालाबाई कपाळाला हात लावून ऐकत होत्या.

"अगं, म्हणजे विरजण मेलं म्हण की."

"काय?"

"दिवाळीत माझं तेच झालं. म्हटलं भांडं चांगलं उकळत्या पाण्यात घालून काढावं, आणि कढत दुधातच विरजण टाकलं. दही लागलंच नाही, नुसती घाण वासाची साय. शेवटी शेजारणीकडून वाटीभर दही मागून आणलं, मागच्या पिढीपासून चालत आलेलं." आणि मग कपाळावरचा हात काढून, "मीच तुला ओट्याचं सांगितलं होतं, नाही का गं?"

"तुमी काय वाईट सांगितलं न्हाई बाई."

जयमालाबाई आत गेल्या. तांब्याभर ताक घेऊन आल्या, आंबट, दोन दिवसांचं. वरून ओतायला तांब्या उचलला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तांब्याच रखमाच्या हातात दिला. "ने. नंतर दे परत." देवघराकडे वळून पुटपुटल्या, "बाबा रे, तुझीच लेकरं आहेत ती."

माती आणली. काळीच्या उंबराखालची, काळी, ओली, उग्र. रखमाने त्यावर हळदीची चिमूट टाकली आणि शेडच्या कोपऱ्यात ढीग ओतला. पाच पिल्लं आधी घाबरून आईमागे दडली. मग एक पुढे आलं, नाक लावलं, मागे पळालं, परत आलं. दुपारपर्यंत पाचही जणांनी ढीग पसरला होता आणि कोबा दिसेनासा झाला होता. सहाव्याने मान वर केली नाही; ते तिसऱ्या दिवशी गेलं.

राहिली सहा. त्यात ते बारकं धरून.

बारक्याला रखमाने मातीवर नुसतं ठेवलं होतं. ते तसंच पडून राहायचं. दर दोन तासांनी ती ताकाचा चमचा त्याच्या गालात सोडायची, अर्धा बाहेर यायचा. सिताराम खाटेवरून बघायचा.

"माज्यापरीस जास्ती दवा चाललीया त्येची."

"तुमाला देऊ का ताक?"

"मला माती दाखव. माज्या छातीत भरपूर हाय, पर ती चांगली न्हाई निघाली."

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि रखमाने एका हाताने त्याची पाठ चोळली. दुसऱ्या हातात चमचा होता.

मार्गशीर्ष असाच गेला. गुरुवारी जयमालाबाईंकडे लक्ष्मीची पूजा असायची, त्या दिवशी ताकाबरोबर खिरीचंही काही यायचं. बाकीच्या पाच जणांची हगवण हळूहळू थांबली. लेंडीला लेंडीसारखा आकार आला. असल्या गोष्टीचा आनंद होतो हे दुसऱ्या कुणाला सांगून पटलं नसतं. बारकं मात्र आज उठायचं, उद्या परत पडायचं. रखमाने त्याच्याकडून आशा करणं सोडलं होतं, चमचा सोडला नव्हता. सवयीने हात जात होता.

घणसोलीचा माणूस येऊन गेला. मातीत लोळणारी मडम पाहून म्हणाला, "काय दशा केलीस गं बाई हिची. बामनीन होती, पार लोळवलीस." रखमा म्हणाली, "न्याल तवा धुवून न्या."

साहेब यायचे ते संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात. आदल्या दिवशीच निरोप आला. सकाळी रखमा उठली, घाण उचलली, ओला पेंढा बाहेर टाकला, पाण्याची भांडी घासली. मग खराटा हातात घेऊन मातीच्या कोपऱ्यापुढे उभी राहिली. फिनेलची अर्धी बाटली अजून फळीवर होती.

"आजच्या दिस तरी धू गं," सिताराम आतून म्हणाला. "एक दिवसानं काय व्हतंय? सायेब गेले की परत आन."

त्याचं चुकत नव्हतं. एक दिवसाने कदाचित काहीच झालं नसतं. कोबा चमकला असता, साहेबांनी मान हलवली असती, वस्तीतल्या बायका परत बघायला आल्या असत्या. पण मातीच्या ढिगात, खड्डा करून, ते बारकं झोपलं होतं. परवापासून ते स्वतःहून आचळाला जात होतं. दोनच दिवस. तिथून त्याला उठवायचं, गार ओल्या कोब्यावर ठेवायचं, फिनेलच्या वासात. दोन दिवसांच्या भरवशावर.

रखमाने खराटा भिंतीला टेकवला. पाय दुखत होते म्हणून तिथेच उकिडवी बसली आणि साहेब येईपर्यंत उठली नाही.

साहेब अकराला आले. बरोबर फाईल धरलेला शिपाई, आणि मागे घणसोलीचा माणूस, न बोलावता. साहेबांनी दारातच रुमाल नाकाला लावला.

"हे काय आहे? पुस्तिका दिली होती ना तुम्हाला?"

"व्हय सायेब."

"मग? सरकारने कोबा कशासाठी दिला? एवढी घाण?"

तोच शब्द. रखमाने तो इतक्यांदा ऐकला होता की तो यायच्या आधीच तिची मान खाली जायची. आजही गेली. पण अंगात इतका शीण होता की मान खाली घालायचंसुद्धा काम वाटलं. तिने ती वर केली.

"व्हय सायेब, हाय घाण. पिल्लं मोजा."

साहेब रुमाल धरूनच आत शिरले. मग मोजायला लागले. मडमच्या आचळाला चार, दाराशी एक. "पाच." त्यांनी परत मोजलं. "पाचच आहेत." घणसोलीचा माणूस पाय बदलून उभा राहिला.

रखमाने नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात मातीचा ढीग, मातीच्याच रंगाचा.

"तिथे काय?"

ती पुढे झाली, ढिगात हात घातला आणि एक लहान ढेकूळ उचललं. त्या ढेकळाला कान होते.

"मेलंय हे," साहेब म्हणाले.

ते शिंकलं. साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर चिखलाचे ठिपके उडाले. रखमाने पदराने पिल्लाचं तोंड पुसलं, मग पाठ. आत कुठेतरी गुलाबी रंग निघाला. खाली ठेवल्याबरोबर ते तिरपं तिरपं चालत आईकडे गेलं आणि दोघांच्या मधे घुसून बसलं.

साहेबांनी रुमालाने विजार झटकली. घड्याळ बघितलं. फाईलवर लिहायला लागले. शिपाई शाईचा पॅड काढून उभा राहिला.

"काय लिवलं, सायेब?" रखमाने विचारलं.

"जिवंत पिल्ले सहा. डुकरीण लाभार्थीकडे कायम." त्यांनी पुढचंही वाचलं, आवाज जरा खाली घेऊन. "शेड अस्वच्छ."

"म्हंजी घाण?"

"तसंच."

घणसोलीचा माणूस केव्हा निघून गेला ते कुणाला दिसलं नाही. रखमाने पदराला हात पुसला, पण मातीचा हात असा पुसून निघत नाही. तिने अंगठा पॅडवर दाबला आणि साहेबांनी बोट ठेवलं होतं तिथे, त्या शब्दाच्या शेजारी उठवला. ठसा शाईचा कमी आणि मातीचा जास्त उमटला. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि फाईल मिटली.

ते गेल्यावर सिताराम भिंत धरत दारापर्यंत आला. "ऱ्हायली?"

"ऱ्हायली."

"मग बस की जरा."

बसावं असं तिच्याही मनात होतं. मडमच्या पोटाशी सहा जण ओळीने लागलेले होते, पाच पांढरे आणि एक मातीचा. शेजारी बसायला जागाही होती. पण कॅन्टीनचं फाटक बाराला उघडायचं, आणि दुपारी ऐरोलीला जाताना जयमालाबाईंचा तांब्या परत द्यायचा राहिला होता. तिने दोन्ही डबे उचलले, वरची फडकी सवयीने नीट बांधली आणि उतरणीला लागली.